अडीच मीटरची गोष्ट

आमच्या संपादकांनी आजवर कुणाचाही एकही लेख वाचलेला नाही. ते लेख तपासतात. हा फरक ज्याला कळला तो सुरतेत मराठी लेखक म्हणून टिकला, ज्याला कळला नाही तो फरसाणाच्या धंद्यात गेला आणि सुखी झाला. मी पालिकेच्या मराठी शाळेत बाई आहे. गेली अकरा वर्षं आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी एक गोष्ट लिहिते, आणि आठवडाभर पोरांच्या वह्यांवर लाल पेनानं जो काही अन्याय करते त्याची फेड रविवारी दुपारी भेस्तानला जाऊन करते. तिथं आमचे संपादक राहतात. आम्ही सगळे लेखक त्यांना नाना म्हणतो. ते आम्हाला माल म्हणतात.

नाना उभा जन्म एका मिलमध्ये कापड तपासायला होते. तिरक्या काचेच्या टेबलावरून कापडाचा तागा सरकत जायचा, काचेखाली ट्यूबलाइट पेटलेली असायची, आणि नाना निळा खडू घेऊन उभे. कुठं धागा तुटला, कुठं गाठ आली, कुठं तेलाचा डाग पडला, की तिथं खूण करायची आणि तागा पुढं सोडायचा. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, शाल घेतात. नानांनी ते मोडकं टेबल मागितलं आणि टेम्पोत घालून घरी आणलं. दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली टेबलानं खाल्ली. येणारा पाहुणा टेबलाच्या कडेकडेनं भिंतीला पाठ घासत आत जातो आणि नानी, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, त्याला स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला टेबलावरून सरकवते. उतारामुळं पेला आपोआप पोचतो. उन्हाळ्यात नानी त्या काचेवर पापड वाळत घालते आणि खालची ट्यूबलाइट लावून ठेवते. तेवढे दिवस साहित्याला सुट्टी असते.

मंडळाला संपादक हवा होता तेव्हा आधीच्या संपादकांनी एक मोठीच भानगड करून ठेवली होती. ते इतके सज्जन होते की आलेलं सगळं छापायचे, आणि अंक उशीसारखा जाड झाला होता. कमिटीत कुणीतरी म्हणालं की असा माणूस बघा जो काहीच पास करत नाही. सगळ्यांनी एका आवाजात नानांचं नाव घेतलं. नाना म्हणाले, "मला साहित्यातलं काही कळत नाही. पण माल खराब असला तर कळतो." कमिटीला एवढं पुरेसं होतं.

नानांचा पहिला नियम असा की लेख सुट्या पानांत घ्यायचा नाही. पानाच्या एकाच बाजूला लिहायचं, सगळी पानं एकाखाली एक कणकेच्या लईनं चिकटवायची आणि ती पट्टी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून आणायची. तागा असल्याशिवाय तपासणार कसं? त्यामुळं आमच्याकडं लेखाची लांबी शब्दांत मोजत नाहीत, मीटरमध्ये मोजतात. गोष्ट अडीच मीटरपर्यंत चालते, ललित दीड मीटर, अध्यक्षांचं मनोगत अर्धा मीटर, तेही नाना नाराजीनं देतात. मी एकदा उधन्याहून शेअर रिक्षात अशी नळी घेऊन बसले होते. शेजारच्या काकांनी विचारलं, "बेन, आ शुं छे? वॉलपेपर?" मी म्हटलं, "वार्ता छे." गुजरातीत गोष्टीला वार्ताच म्हणतात. काकांनी नळी वरपासून खालपर्यंत बघितली. "आटली लांबी?" असं म्हणून ते जरा अंग चोरून बसले, आणि उतरेपर्यंत माझ्याकडं त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

हल्लीच्या काळात हे असलं कोण ऐकून घेणार, असं तुम्हाला वाटेल. आमच्यातल्या एका बँकेतल्या साहेबांनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी युरोपच्या सहलीवरचा लेख टाइप करून नानांच्या मोबाइलवर पाठवला. नानांनी त्यांना फोन केला, "साहेब, फोनवर कापड तपासतात का?" साहेबांनी निमूट प्रिंट काढल्या, घरी बायकोकडून लई करून घेतली, आणि बारा मीटरचा युरोप भेस्तानला आणला. टेबलावर मावेना म्हणून नाना तो गच्चीवर घेऊन गेले. तिथं वारा. बघता बघता स्वित्झर्लंड उडालं आणि शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांत जाऊन अडकलं. नानांनी पायताण न घालता जाऊन ते सोडवून आणलं, चार रविवार तपासलं, आणि बारा मीटरमधून दोन मीटर ठेवलं. बर्फ गेला, आल्प्स गेला, आयफेल टॉवर सबंध गेला. राहिलं ते फक्त साहेबांची सुटकेस विमानतळावर हरवते आणि साहेब तीन दिवस बायकोचा स्वेटर घालून हिंडतात, तेवढं. साहेब वर्षभर नानांशी बोलले नाहीत. पण अंकातलं ते पान त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तपासताना नाना लेखकाला समोर उभं करतात. बसायला जागा नसते हे एक कारण, आणि मिलमध्येही विणणारा समोर उभा असायचा हे दुसरं. पट्टी काचेवरून हळूहळू सरकते, खालून उजेड येतो, कागद पारदर्शक होतो आणि आपण काय काय लिहून बसलोय ते आपल्याला पहिल्यांदा दिसतं. नाना साहित्यातला एकही शब्द वापरत नाहीत. उगाच नटवलेलं वाक्य आलं की "डाग." एखादं पात्र मध्येच नाहीसं झालं की "तार तुटली." जिथं लेखकाला पुढचं सुचलं नाही आणि त्यानं कसंबसं जोडलंय, तिथं ते बोट फिरवून म्हणतात, "गाठ." आणि ती गाठ तिथं असतेच. माझ्या एका गोष्टीत ते दीड मीटरवर थांबले. "बाई, तुमची ही सून सव्वा मीटरवर रडली होती ना?" मी म्हटलं, हो. "मग आता परत का रडते? पाव मीटरमध्ये दोनदा रडणाऱ्या बाईला माणूस रुमाल देत नाही, डॉक्टरकडं नेतो." मी मान खाली घातली. वर्गात माझी पोरं अशीच उभी राहतात.

मग येते कात्री. कात्री चालवताना नानांचा चेहरा लहान मुलाची नखं काढणाऱ्या आईसारखा होतो. कापलेला तुकडा ते कधीच फेकत नाहीत. प्रत्येक लेखकाच्या नावाचा साडीचा एकेक रिकामा खोका पलंगाखाली आहे, त्यात तो तुकडा हातानं सपाट करून जातो. मी एकदा चिडून विचारलं, एवढं वाईट आहे तर ठेवता कशाला? नाना म्हणाले, "कापलेला तुकडा खराब नसतो बाई. त्या ताग्यातला नसतो, एवढंच." नानीला हे खोके अजिबात मान्य नाहीत. नवीन पाहुणी आली की ती पलंगाखालून एखादा जरीचं चित्र असलेला खोका ओढते, झाकण उघडून आतले कागद दाखवते, आणि "देख, मन्ह्या साड्या!" म्हणून पाहुणीला पोटभर हसवते.

कवितेचं मात्र नानांना काही जमत नाही. लिंबायतचा एक रिक्षावाला कवी आहे, माणूस भला, कविता वीस सेंटिमीटरची. नानांनी ती टेबलावर ठेवली तर ती घसरून खाली पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. शेवटी नाना म्हणाले, "हा तागा नाही, रुमाल आहे. रुमाल तपासत नाहीत, झटकतात." आणि त्यांनी खरोखर तो कागद दोन बोटांत धरून जोरात झटकला, कानाशी नेला, आणि म्हणाले, "चालशे." तेव्हापासून तो कवी कविता घरीच झटकून आणतो.

सगळं झाल्यावर नाना शर्टाच्या खिशातून तो निळा खडू काढतात आणि कोपऱ्यात मालाचा दर्जा लिहितात. त्या खडूमुळं त्यांच्या झाडून सगळ्या शर्टांच्या खिशाला निळा डाग आहे, लग्नातल्या शर्टालासुद्धा. दर्जे तीन. निर्दोष माल तो 'फ्रेश'. थोडाफार दोष असलेला तो 'सेकंड'. आणि तिसरी 'चिंधी', तिच्याबद्दल न बोललेलं बरं, माझ्या नवऱ्यानं एकदा निबंध लिहिला होता. आमचा सबंध अंक सेकंड मालाचा निघतो. अकरा वर्षांत नानांनी कुणालाही फ्रेश दिलं नाही. आणि मला, खरं सांगते, ते एकदा तरी हवं होतं. मला आदर्श शिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा ते मी कपाटात टाकलं आणि नवऱ्याला म्हटलं, यावर निळ्या खडूनं काही लिहिलेलं नाही. नवरा म्हणाला, तुला शाळेतूनच खडू आणून देतो. त्याला त्यातलं दुःख कळायचं नाही.

मी नानांना विचारलं होतं, की एकाही माणसाला फ्रेश द्यावंसं वाटलं नाही? तेव्हा ते काचेवर फुंकर मारून पुसत होते. म्हणाले, "मिलमध्ये फ्रेशचा शिक्का मारला की तागा गाडीत चढायचा. पुन्हा कधी दिसायचा नाही. सेकंडवाला मात्र फिरून यायचा." मला वाटलं, टाळताहेत. मी रागानं नळी काखेत मारली आणि निघाले.

मागच्या दिवाळीत ते प्रकरण झालं. माझी गोष्ट होती एका आईची, जिचा मुलगा इच्छापोरच्या कारखान्यातून कामावरून परत येत नाही आणि ती दारात उभी राहते. साहेबांचा लेख होता सहलीवरचा दुसरा भाग. दोन्हींची काटछाट झाली, दोन्हींचे राखलेले तुकडे टेबलावर होते, नानांनी ते लई लावून जोडले आणि छपाईला दिले. तिथं जुळणी करणारे भाई गुजराती. त्यांना मराठी अक्षरं येतात, मजकुराशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. जोडलेलं येईल तसं ते टाइप करतात. अंक हातात आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. माझी आई दारात उभी होती, डोळे वाटेकडं लागले होते, आणि पुढच्याच ओळीत तिला पट्ट्यावरून फिरत येणारी तिची तपकिरी सुटकेस दिसली. तिला अतिशय आनंद झाला. आतले कपडे कोरडे आहेत हे बघून तिनं देवाचे आभार मानले. तिकडं साहेब विमानतळावर उभे होते, आणि अंधारातून त्यांचा मुलगा सायकल ढकलत आला आणि त्यांच्या पदरात तोंड लपवून रडला.

कळस म्हणजे कुणाचीही तक्रार आली नाही. एका वाचकांनी मला फोन करून सांगितलं की सुटकेसचं प्रतीक फार आवडलं. साहेबांना त्यांच्या बहिणीनं विचारलं की दादा, तू पदर कधीपासून घ्यायला लागलास, पण शेवट वाचून आम्ही सगळे रडलो.

मी मात्र पेटले होते. रविवारची वाट न बघता शाळा सुटल्यावर तडक भेस्तानला गेले आणि अंक नानांच्या टेबलावर आपटला. म्हटलं, "नाना, माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आणि साहेबांचं छापील. दोन वेगळी अक्षरं जोडली आहेत हे आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं!"

नानांनी अंक हातात घेतला आणि पानावरून तळहात फिरवला. मग अंक डोळ्यांशी नेला, बाजूला नेला, तिरका धरला. मला वाटलं, नाटक करताहेत. स्वयंपाकघरातून नानी बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. ती मला म्हणाली, "बेटा, त्यास्ले दिसत नही आते. कोणले सांगू देत नहीत." मला अहिराणी पुरती येत नाही, पण एवढी कळली. काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले होते की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची. नाना सहा महिने उरल्यासुरल्या नजरेनं आणि अंदाजानं तपासत होते, आणि तरी माझी प्रत्येक गाठ त्यांनी बरोबर धरली होती. मी तिथं उभी होते आणि मला माझीच लाज वाटत होती. ते वाक्य मी परत घेऊ शकत नव्हते. आजही ते मला अधूनमधून ऐकू येतं.

पुढच्या आठवड्यात नानांनी मंडळाला कळवलं की आता दुसरा माणूस बघा. आणि त्यांनी आमचे खोके परत पाठवले. रिक्षावाला कवीच ते घरोघर पोचवत होता. माझ्या दारात खोका ठेवून तो म्हणाला, "बाई, नानांचा माल सगळ्यांना वापस चालला. माझ्या खोक्यात तर काहीच नव्हतं, तरी खोका दिला." माझ्या खोक्यावर मोराचं चित्र होतं. आत अकरा वर्षांचे तुकडे होते, घड्या न पडता, वर्षावर वर्ष रचलेले. अंक जाड झाला तर होऊ दे, पण हे घर बंद व्हायला नको, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

रात्रीचा स्वयंपाक टाकून मी तुकडे वाचत बसले. शिक्षणाच्या समस्यांवरच्या एका भयंकर लेखातून कापलेल्या आठ ओळी सापडल्या. आमच्या शाळेतली एक शिपाईबाई, जिच्या डब्यात पोहे असले की मधल्या सुट्टीची घंटा पाच मिनिटं आधी व्हायची. लेखात त्या ओळींचं काही काम नव्हतं. त्यांच्यापासून मी गोष्ट लिहायला घेतली. महिन्याभरानं पानं चिकटवली, नळीवर गुंडाळली आणि रविवारी चार वाजता भेस्तानला पोचले.

टेबलावर चादर होती. नानांच्या खिशात खडू नव्हता. शर्ट नवा होता, खिसा पांढराशुभ्र, आणि तो बघून मला भडभडून आलं. नाना म्हणाले, "बाई, कशाला आलात? मला आता तपासता येत नाही." मी चादर काढली, ट्यूबलाइट लावली. म्हटलं, "तुम्ही हात ठेवा. मी सरकवते आणि वाचते." नानांनी तळहात कागदावर टेकवला.

मी वाचायला लागले. आणि गंमत बघा, नाना काही बोलतच नव्हते, पण जिथं जिथं मी लबाडी केली होती तिथं तिथं माझीच जीभ अडखळायला लागली. आपल्या तोंडानं स्वतःची गाठ उच्चारणं फार वाईट. शेवटी एका ठिकाणी नाना म्हणाले, "थांबा. किती झालं?" मी टेपनं मोजून सांगितलं, "सव्वा मीटर." "मग शिपाईबाई अजून आली का नाही? घंटा कधीची झाली." त्यांचं बरोबर होतं. मी तिला तिथंच आत आणलं, उभ्या उभ्या. पोह्यांच्या जागी नाना हसले. शेवटाला आले तेव्हा खोलीत फक्त ट्यूबलाइटचा गुंगुं आवाज होता आणि नानीनं आत भांडी घासायचं थांबवलं होतं.

नाना म्हणाले, "खडू द्या. तिथं खिडकीत असेल." मी दिला. कागदाची कड बोटांनी चाचपत त्यांनी कोपरा शोधला आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: फ्रेश.

अकरा वर्षं मी या शब्दासाठी नळ्या वाहिल्या होत्या. तो माझ्यासमोर होता, निळा, जरासा सांडलेला. आणि मला एकाएकी तो गाडीत चढलेला तागा आठवला. नाना मला निरोप देत होते. मी ओढणीचं टोक ओलं केलं आणि तो शब्द पुसून टाकला.

"काय करताय, बाई?"

"नाना, पावणेदोन मीटरवर एक गाठ राहिली आहे. वाचताना माझ्या जिभेला लागली."

त्यांचा हात कागदावरून मागं गेला, पावणेदोनपाशी थांबला, थोडा इकडं तिकडं फिरला. गाठ तिथं नव्हती, हे त्यांच्या बोटांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण ते तसं म्हणाले नाहीत.

"मग सेकंड लिहा," ते म्हणाले.

मी लिहिलं. त्यांनी हात पुढं केला, माझ्याकडून खडू मागून घेतला, आणि त्या नव्या शर्टाच्या पांढऱ्या खिशात ठेवून दिला. आतून नानी ओरडली, की नवा शर्ट आजच घडी मोडून घातला होता.

"पुढच्या रविवारी चारला या," नाना म्हणाले. "आणि अडीच मीटरच्या वर आणू नका."